पाणमांजरांचा खडक आणि अब्बांचं नाक

मला किळस फार लवकर येते. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही नाही. कुणाला दमा असतो, कुणाला पित्त असतं, तशी मला किळस आहे. एसटीत शेजारी बसलेल्या माणसानं सकाळी काय खाल्लं, त्याचा शर्ट ओलसर असतानाच घडी घातला होता का, त्याच्या पिशवीतली वांगी कधीची आहेत, हे मला न विचारता कळतं आणि कळलं की पोटात ढवळतं. आता मी लातूरला मुलाकडे असते. सूनबाईनं न्हाणीघरात लिंबाच्या वासाची एक हिरवी वडी टांगली आहे. ती मी गुपचूप कचऱ्यात टाकते आणि ती बिचारी दुसरी आणते. यावर आमच्यात अजून एक शब्दही झालेला नाही. संडासाचा वास एकवेळ परवडला, निदान तो खोटं बोलत नाही. पण संडास आणि लिंबू यांचं लग्न लावलेलं मला सोसत नाही.

हे नाक मला अब्बांकडून आलं. नांदेडच्या जुन्या भागात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं अत्तराचं दुकान होतं. पुढं दुकान, मधे पडदा, पडद्यामागं घर. घरात आम्ही दखनी बोलायचो. ती इथं जशीच्या तशी उतरवली तर निम्म्यांना कळायची नाही, म्हणून घरच्यांचं बोलणं मी आमच्या गल्लीच्या मराठीत लिहिते आहे. अब्बा गादीवर मांडी घालून बसायचे. समोर कुप्प्यांची पेटी असायची: हिना, केवडा, वाळा, मोगरा, गुलाब. अत्तर दाखवायची एक रीत होती. आधी स्वतः हुंगायचं, मग कापसाच्या फायानं गिऱ्हाइकाच्या मनगटाला लावायचं, आणि सौदा झाला की तो फाया त्याच्या कानात खोचून द्यायचा. स्वतः न हुंगलेलं अत्तर दुसऱ्याला लावणं ही अब्बांच्या लेखी बेइमानी होती. दारू पिणाऱ्याला ते एकवेळ माफ करत, पण असल्या अत्ताराला, म्हणजे अत्तरवाल्याला, नाही.

अब्बा ज्या दिवशी अत्तरांची मिसळण करायचे त्या दिवशी घरात फोडणी बंद असायची. कांदा नाही, लसूण नाही, तळण नाही. हिंग तर आमच्याकडे डब्यात डबा आणि त्या डब्यात पुडी असा कैद करून ठेवलेला होता. अम्मी देगलूरची, चिंच आणि लाल तिखटावर वाढलेली. बाकीच्या दिवशी ती बगारा भात आणि चिंचेचा खट्टा करायची, अंबाडीच्या भाजीला लसणाची अशी चरचरीत फोडणी द्यायची की शेजारच्या घरातून शिंका ऐकू यायच्या. मिसळणीच्या दिवशी मात्र पिवळी फिकी खिचडी आणि दही. "मी काय दवाखान्यात नांदायला आले का?" असं म्हणत ती खलबत्ता उगाच जोरात आपटायची. अब्बा पडद्यापलीकडून म्हणायचे, "आवाज कर, लई कर. आवाजाला वास नसतो."

मला अब्बांनी लहानपणापासून हुंगायला शिकवलं. डोळे मिटायला लावून ते नाकाखाली काहीतरी धरायचे आणि मी ओळखायची. दोन वासांच्या मधे स्वतःचीच बाही हुंगायची, म्हणजे नाक परत कोरं होतं. सुगंधांचा मला लवकर कंटाळा आला, पण अब्बा घाणसुद्धा हुंगायला लावायचे. खवट तेल, भिजून कुबट झालेलं पोतं, मांजरानं घाण केलेली राख. मी तोंड वाकडं केलं की अम्मी म्हणायची, "बघा, आली नाकानं कांदे सोलणारी." अब्बा तिला म्हणायचे, "सुगंध गाढवालाबी कळतो. माल बिघडायला लागला हे आधी घाणीवरून कळतं. हिला किळस येते ना, येऊ दे. तीच तिची शिदोरी." माझ्या नशिबी असली शिदोरी आली. मैत्रिणींना त्यांचे बाप जत्रेत न्यायचे, माझे मला गटाराच्या काठावर उभं करून विचारायचे, सांग, यात साबण किती?

मी दहावीला होते त्या हिवाळ्यात अब्बांना मोठा ताप आला. उतरला, ते पुन्हा गादीवर बसले आणि घरात एक आनंदाची गोष्ट घडली: अब्बांनी जेवणाची तक्रार करणं सोडलं. अम्मीनं मिसळणीच्या दिवशी चुकून लसूण घातला, तरी खाऊन उठले. तिनं पुढच्या वेळी मुद्दाम घातला, तरीही. अम्मी गल्लीभर सांगत सुटली, "तापानं माणूस सुधारला." मग एक दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि खालून जळक्या दुधाचा वास आला. धावत आले तर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलेलं, आणि चुलीपासून हातभर अंतरावर अब्बा एका कुप्पीचं बूच कानशीनं घासत बसलेले. "अब्बा, दूध!" मी ओरडले. त्यांनी मान वर करून चुलीकडे पाहिलं. "हौ की," म्हणाले. मला वाटलं, विचारात असतील.

त्यानंतर लातूरहून पेटी परत आली. लातूरचे मन्मथशेठ आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. लग्नसराईचा त्यांचा सगळा माल आमच्याकडून जायचा. अर्धं दुकान त्या एका माणसावर उभं होतं. पेटी घेऊन आलेल्या त्यांच्या माणसानं निरोप दिला, "शेठ म्हणले हिना खवट हाय. पुढच्या महिन्यात ते सोता येऊन माल हुंगणार हायत. पटला तर ठीक, न्हाईतर हैदराबादचा माल चालू करणार." अब्बा म्हणाले, पेटी उन्हात राहिली असेल. मी एक कुप्पी उघडली आणि लगेच बंद केली. आत जुन्या खोबरेल तेलासारखी, डोक्याच्या मळक्या उशीसारखी घाण होती. असला माल अब्बांनी पाठवला कसा, हे मला कळेना. अम्मीला मात्र पुढचं सगळं दिसत होतं. शेठनं हात काढला तर दुकान मोडणार, आणि या वयात अब्बा दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडायला उभे राहणार, असं ती रोज उठून म्हणायची.

अशात फुफी आली. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. तिला इस्लापूरकडे दिली होती, सहस्रकुंडाच्या धबधब्यापासून थोडं खाली, नदीच्या काठावर. तिचे मालक नदीची मासळी बाजारात विकायचे. आल्या आल्या, ताटावर बसूनच तिनं अब्बांकडे गाऱ्हाणं सुरू केलं. "बाबू, आमच्या नदीला पाणमांजरं आल्यात. सगळं खानदान हाय. माझ्या धुण्याच्या खडकावर येऊन घाण करून राहिल्यात. नदी येवढी मोठी, पर मेल्यांना माझाच खडक पायजे. राखेनं घासला, फिनेल वतलं. जितकं धुवावं तितकी ज्यास्त घाण! मेलेला मासा पुरून परत उकरल्यावानी वास."

अम्मीनं ताट बाजूला सारलं. माझा घास तोंडातच राहिला. अब्बा मात्र एकदम ताठ बसले.

"लांबून येतो वास?" त्यांनी विचारलं.

"लांबून? माझ्या अंगणात येतो."

"सर्दी झालेल्या माणसालाबी?"

"मेलेल्या माणसालाबी यील," फुफी म्हणाली. "तू कायकू विचारतो?"

अब्बांनी मग जबादची गोष्ट सांगितली. जबाद म्हणजे एका रानमांजराच्या अंगातून निघणारं लोण्यासारखं काहीतरी. हैदराबादला शिकत असताना उस्तादांनी त्यांना ते नुसतं हुंगवलं, तर ते अंगणात जाऊन ओकले. तेच सुईच्या टोकाएवढं चंदनात टाकलं, तर अत्तर कपड्यावर महिनाभर टिकलं. या पाणमांजरांचंही तसंच काही निघालं तर शेठना दाखवायला नवा माल होईल, असं ते म्हणाले. अम्मीनं कपाळाला हात लावला. मला तर वाटलं, तापानं डोक्यावर परिणाम झाला. शेठ यायचे होते, हिना खवट होती, आणि हा माणूस जनावराची विष्ठा आणायला निघाला होता, तेही मला बरोबर घेऊन.

फुफीच्या घराविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण सविस्तर लिहायला बसले तर पेन खाली ठेवावं लागेल. अंगणात जाळी वाळत टाकलेली, त्यांत खवले अडकलेले, खवल्यांवर माश्या. पाण्याला मासळीचा वास, उशीला मासळीचा वास, फुफीनं मायेनं गालावरून हात फिरवला त्या हातालाही. तिनं चिंच घालून मरळ माशाचं कालवण केलं होतं. अब्बांनी दोनदा मागून घेतलं आणि मी भाकरी दह्याशी खाऊन उठले. धबधब्याची घरघर दिवसभर चालू असे. पहिल्यांदा ती कानात भरते, मग ती आहे हेच विसरायला होतं, पण बोलताना सगळी माणसं ओरडत असतात. फुफीचं सगळं गाव एकमेकांशी भांडत असल्यासारखं बोलायचं.

संध्याकाळी आम्ही काठावरच्या जांभळाआड बसलो. वारा नदीकडून आमच्याकडे होता, म्हणून त्यांना आमचा वास लागला नाही, आम्हाला मात्र त्यांचा लागला. मला लागला, असं म्हणते. मी ओढणीचा बोळा करून नाकाला लावला. पाण्यात आधी एक गोल डोकं दिसलं, मग दुसरं, मग आणखी. मांजरं कसली, चांगली कुत्र्याएवढी लांब, चपट्या शेपटीची, तेलात बुचकळून काढल्यासारखी चकचकीत. वर आली की कान झटकायची. कान एवढेसे, डोक्याला चिकटलेले. बुडी मारताना ते मिटतात हे मला पुष्कळ पुढं कळलं. आणि आवाज! त्या घरघरीतून एक बारीक शीळ आली, लहान पोराच्या पत्र्याच्या शिट्टीसारखी. धबधबा जाडा ओरडत होता आणि ही शीळ त्याच्या वरून, बारीक, स्वच्छ निघून आली. पलीकडच्या काठावरून तशाच दोन कोवळ्या शिळांनी उत्तर दिलं आणि पिल्लं पाणी कापत आईकडे आली. आम्ही माणसं तिथं घसा फोडून बोलत होतो, आणि त्यांचं काम एका शिळेत भागलं होतं.

नंतर जे झालं ते बघून मला इतकी किळस आली की अजून अंगावर काटा येतो. एकेक जण खडकावर चढला. नाक दगडाला टेकवून त्यानं आधीची घाण हुंगली. सावकाश, इकडून, तिकडून, मिशा थरथरवत. मग पाठ फिरवली, शेपटी वर केली, मागचे पाय नाचल्यासारखे आपटले आणि स्वतःची भर घातली. त्यानंतर दुसरा आला, त्यानंही पहिल्याचं हुंगलं, मग स्वतःचं. सगळ्यात शेवटी आई त्या राड्यात आडवी पडून पाठ घासत लोळली. चकचकीत, सुंदर अंग, आणि त्यात! मी म्हटलं, "अब्बा, मला घरी न्या." अब्बा म्हणाले, "वाचून राहिलेत ते. कोण आलं, कवा आलं, आपला का परका. आपण दाराला पाटी लावतो, ते हे लावतात." आता प्राण्यांची पुस्तकं लिहिणारी माणसंही तेच लिहितात: त्या घाणीवरून त्यांना नर कोण, मादी कोण, कुणाच्या हद्दीत आलो हे कळतं. असेल. पण मला अजूनही वाटतं की अल्लानं त्यांना इतकी छान शीळ दिली होती, तर बाकीचंही शिळेतच भागवायला हवं होतं.

ती गेल्यावर अब्बांनी चमच्यानं थोडी घाण खरवडून डबीत घेतली. सकाळी बघतो तर पाणमांजरं आमच्या आधी हजर. खरवडलेल्या जागी नाक लावून त्यांनी 'हाः' असा फुत्कार काढला, एकमेकांकडे बघून किंचाळली आणि मग सगळ्यांनी मिळून त्या जागेवर आदल्या दिवसाच्या दुप्पट घाण केली. फुफीला आपल्या फिनेलचं कोडं तिथं उलगडलं, आणि ती उलट अब्बांवरच कडाडली. "मी पाटी पुसत व्हते, आता तू पुसली! आता ते माझ्या उंबऱ्यावर येऊन लिवतील!" धुण्याची टोपली डोक्यावर घेऊन ती काठावर दुसरीकडे गेली. जनावरंही पाण्यात उतरून निघून गेली. खडकाजवळ मी आणि अब्बा राहिलो.

अब्बा खडकावर गेले आणि गुडघ्यांवर बसले. मला वाटलं डबी भरतील. त्यांनी डबी खाली ठेवली, दोन्ही हात ओल्या दगडावर टेकले आणि तोंड खाली नेऊन ताज्या घाणीला नाक लावलं. पाणमांजरानं लावलं होतं तसंच. मी किंचाळले. ते हलले नाहीत. त्यांनी दीर्घ श्वास ओढला, उत्तम गुलाबाला ओढायचे तसा. मग एक नाकपुडी बोटानं दाबून, मग दुसरी. मग बोटावर थोडं घेऊन चोळलं आणि परत. मी लांबून ओकाऱ्या काढत होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. नाकाजवळ एक सुरकुतीही पडली नव्हती. हिंगाची पुडी उघडली तर ज्याला घर सोडून जावंसं वाटायचं तो माणूस विष्ठेत नाक घालून कोऱ्या चेहऱ्यानं बसला होता. तेव्हा मला दूध आठवलं, लसणाची खिचडी आठवली, शेठची हिना आठवली, आणि किळस जाऊन भीती आली.

"अब्बा," मी म्हटलं, "तुम्हाला येत न्हाई?"

ते तसेच बसून राहिले. "तापापासून," म्हणाले. "काहीच न्हाई, बेटा. गुलाब न्हाई, मोगरा न्हाई. अंदाजानं करून राहिलो. तुझी फुफी म्हणली मेलेल्या माणसालाबी यील. वाटलं, इतकी घाण, तर एखादा धागा तरी पोचंल." आणि ते रडायला लागले. हात घाण होते म्हणून त्यांना डोळेही पुसता येईनात. जबाद, नवा माल, सगळं निमित्त होतं. अब्बा एवढ्या लांब फक्त एक दुर्गंधी शोधत आले होते.

मी त्यांना उठवलं आणि पाण्याकडे नेऊन हात धुतले, वाळूनं घासून. त्यांचे डोळे माझ्या ओढणीनं पुसले. तर ते म्हणाले, "कसा हाय, सांग ना."

"काय कसं?"

"वास. पहिल्यापासून सांग."

मला ते नको होतं. मला तिथून पळून जायचं होतं. तरी मी परत गेले, ओढणी नाकावरून काढली आणि सांगायला लागले. आधी मासा, शिळा, उन्हात फुटलेला. त्याच्यामागं विझलेल्या दिव्याचं तेल. मग खेकड्याची कवचं, चिखल, ओलं कुत्रं. "अजून," अब्बा डोळे मिटून म्हणाले. मी नदीत ओकून आले, चूळ भरली आणि परत वाकले. वाळलेल्या गोळ्याच्या तळाशी काहीतरी गोड होतं, रात्रभर केसांत राहून सकाळी काळ्या पडलेल्या मोगऱ्यासारखं. ते सांगितलं तेव्हा अब्बांच्या नाकाजवळ पहिल्यांदा सुरकुती पडली. "हां," ते म्हणाले, "हां, आला." आला नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण इतक्या घाणीचं इतकं कौतुक करणारा माणूस मी नंतर आयुष्यात पाहिला नाही.

पुष्कळ वर्षांनी, अलीकडच्या त्या साथीत, घरोघरी लोकांचे वास गेले. आमच्या सूनबाईचाही गेला. ती हसत हसत फोनवर मैत्रिणीला सांगत होती, बरंच झालं, बाळाचे लंगोट बदलायला सोपं. मी उठून गच्चीवर गेले. तिचा महिनाभरात परत आला, चांगलं झालं. अब्बांचा आला नाही.

फुफीकडून परतताना एसटीत अब्बा ओढणीतल्या माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "शेठला कळलं तर संपलं. लंगड्याचं दुकान चालतं, बहिऱ्याचं चालतं. नाक गेलेल्या अत्ताराच्या पायरीवर कोण चढंल?" घरी येऊन त्यांनी अम्मीला सगळं सांगितलं. अम्मी पदरात तोंड घालून रडली, आणि मग एकदम तोंड वर करून म्हणाली, "म्हंजे माझी खिचडी चांगली लागत नव्हती व्हय?" तो अपमान ती पुष्कळ वर्षं विसरली नाही.

शेठ येईपर्यंत मी दुकानातली एकूण एक कुप्पी हुंगली. डोकं ठणकायचं, जेवण जायचं नाही. खवट तेलाची एक अख्खी बरणी निघाली. तिची घाण माझ्या घशात बसली ती पाण्यानं जाईना. प्रमाण अब्बांच्या हाताला पाठ होतं आणि वास माझ्या नाकाला, असं आम्ही दोघांनी मिळून नवी हिना केली. शेठसमोर मी पडद्याआड बसायचं ठरलं. पोरीनं गादीवर यायची आमच्या गल्लीत रीत नव्हती. अब्बा कुप्पी उघडतील, हुंगल्यासारखं करतील आणि पडद्याकडे धरतील. माल ठीक असेल तर मी बांगड्या एकदा वाजवायच्या, बिघडला असेल तर दोनदा.

मन्मथशेठ आले. भला मोठा माणूस, पांढरं धोतर, गळ्यात लिंग, बोलताना उजवा गाल हातानं धरायची सवय. हिना झाली, केवडा झाला, वाळा झाला. माझ्या बांगड्या वाजल्या, अब्बा मान डोलवून कुप्पी पुढं करत गेले, शेठ हुंगत गेले. "हे बरं हाय," ते म्हणाले. माझा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात शेठनी खिशातून एक कुप्पी काढली. "अत्तारभाई, हा हैदराबादचा गुलाब. ह्यो माल मला दिऊन राहिलेत. तुम्ही सांगा, घिऊ का?"

अब्बांनी बूच काढलं, नाकाशी नेलं. आमच्या कुप्प्या मला पाठ होत्या, ही नव्हती. तिचा वास पडद्यापर्यंत येण्याआधीच शेठच्या तंबाखूचा भपका येऊन बसला. मी बांगड्या हातात घट्ट धरून बसले. अब्बा थांबले होते. शेठ बघत होते. अब्बा 'छान' म्हणाले असते तर शेठनी हैदराबादचा माल घेतला असता. 'वाईट' म्हणाले असते आणि माल चांगला निघाला असता, तर जळफळाट ठरला असता. अब्बांनी कुप्पी खाली ठेवली.

"शन्नो," त्यांनी हाक मारली, "बाहेर ये."

मी गेले. अब्बा शेठना म्हणाले, "माझं नाक गेलं, शेठ. तापात गेलं. तुमची हिना मी अंदाजानं केली व्हती, म्हणून खवट निघाली. ह्यो आजचा माल हिच्या नाकानं झाला. पटत असंल तर घ्या."

शेठचा चेहरा लाल झाला, मग गंभीर. मी कुप्पी उचलली, हुंगली, बाही हुंगली, पुन्हा हुंगली आणि भीतीनं की किळसेनं कोण जाणे, बोलून गेले, "वर गुलाब हाय. खाली सडका बटाटा. उन्हाळ्यात लावला तर लग्नात नवरदेवाजवळ कुणी बसणार न्हाई."

"असं?" शेठ म्हणाले. त्यांनी मनगट पुढं केलं नाही, ते आख्खेच पुढं वाकले. "आन माझ्यात काय येतं?"

"तंबाखू," मी म्हटलं. मग नाक मुरडलं. माझ्या हातात नव्हतं ते. "आन उजव्या बाजूला, मागं, दाढ सडलीय. लई दिवसांची."

अब्बांनी डोळे मिटून घेतले. शेठनी गालावरचा हात काढला. त्यांनी ती दाढ घरातल्या बाईपासूनसुद्धा लपवली होती, कारण उपटून घ्यायची भीती वाटायची. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. त्या वेळी ते मोठ्यानं हसले, कळ आली म्हणून पुन्हा गाल धरला आणि म्हणाले, "अत्तारभाई, लग्नसराईचा माल बांधा. पर पुढच्या खेपेला पडदा नको. मला तोंडावर घाण म्हणणारं माणूस समोर बसलेलं पायजे." पेटी बांधून त्यांचा टांगा गेला. अब्बा गादीवर एका बाजूला सरकले. रिकाम्या झालेल्या जागेवर हात थोपटून म्हणाले, "बस."

मी बसले. गल्लीतून जाणारे येणारे बघत होते. रस्त्याकडे बघतच, हळू आवाजात अब्बांनी विचारलं, "शन्नो, माझा येतो का गं काही?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाला सुवास लावणाऱ्या या माणसाला स्वतःच्या अंगाला कसला वास येतो हे तापापासून माहीत नव्हतं, आणि हे विचारायला त्याच्याजवळ कुणी नव्हतं. मी त्यांच्या खांद्याशी नाक नेलं. "घामाचा," मी म्हटलं. "काखेत. कुर्ता शिळा हाय. आन दाढीत कालवण हाय, सकाळचं."

अब्बा उठले, पडद्यामागं गेले. न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यानंतर अब्बा होते तोवर रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते आंघोळ करून माझ्यासमोर येऊन उभे राहायचे, लहान पोरासारखे दोन्ही हात थोडे वर करून, मान एका बाजूला वळवून. मी एका कानामागं हुंगायचे, दुसऱ्या कानामागं हुंगायचे, काखेशी हुंगायचे. बहुतेक दिवशी काही नसायचं. असलं की मी नाक मुरडायचे, आणि ते परत न्हाणीघरात जायचे.